गोकर्णाचे बी : पेरणीपासून फुलापर्यंत

प्रश्न : गोकर्णाचे बी कुंडीत पेरले, बरेच दिवस झाले तरी कोंब दिसत नाही. बी खराब समजावे काय? (लोधीपुरा, बुऱ्हाणपूर)

उत्तर : इतक्यात नाही. गोकर्णाच्या बियांची साल टणक असते आणि पाणी सहजी आत शिरू देत नाही. त्यामुळे एकाच शेंगेतले एक बी आठवड्यात उगवते, दुसरे महिनाभर तसेच पडून राहते. पेरण्यापूर्वी बियांची एक कड पॉलिश कागदावर हलकेच घासावी; डोळ्याची बाजू मात्र सोडावी. मग बी रात्रभर पाण्यात ठेवावे. सकाळी फुगलेले बी सुमारे १ सेंटीमीटर खोल पेरावे. खड्यासारखे राहिलेले पुन्हा घासावे.

तापीकाठची काळी माती कुंडीत चिकटून बसते आणि तुंबलेल्या पाण्यात घासलेले बी कुजते. तिच्यात वाळू व कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे. पेरणीला पावसाळ्याची सुरुवात उत्तम. मे महिन्याच्या उन्हात कोवळा कोंब करपतो. वेल शेंगवर्गीय, मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळवणारा. युरिया दिल्यास नुसता पाला माजतो.

फुले साधारण दोन-अडीच महिन्यांत येतात. कृष्णकमळाच्या मानाने ही वाट थोडकीच. त्याचे बी उगवायलाच कित्येकदा महिने घेते. माती उकरून पाहण्याची घाई तेवढी टाळावी, नुकता फुटलेला कोंब त्यातच मोडतो. पुढच्या वर्षासाठी शेंगा वाळून तपकिरी झाल्यावर, पण तडकण्याआधी काढून ठेवाव्यात.