क्यूब भरणाऱ्याचं सर्टिफिकेट: खर्च किती, उपयोग किती

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. रस्ता सुरू झाला, म्हणजे तिथली साइट संपली. किन्हवली-मुरबाड पट्ट्यातला जो मुलगा अशा मोठ्या कामावर क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणाऱ्याच्या) हाताखाली काँक्रीटच्या चाचणीचे क्यूब भरत होता, त्याला पुढच्या ठेकेदाराच्या दारात पहिला प्रश्न येतो: कागद काय आहे? गेटपास आणि हेल्मेट दाखवून भागत नाही. अशा वेळी ‘सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणणारे बरोबर भेटतात.

त्यातल्या कुणी ‘एनएबीएलचं सर्टिफिकेट’ देऊ केलं, तर तिथूनच माघारी फिरा. एनएबीएल मान्यता प्रयोगशाळेला देते, माणसाला नाही. मान्यताप्राप्त लॅबमध्ये काम केल्याचा दाखला मिळू शकतो आणि तो मोलाचाही असतो; पण तो लॅब देते, एजंट नव्हे.

सगळ्यात स्वस्त वाट सरकारी योजनेची. बांधकाम क्षेत्राच्या कौशल्य परिषदेच्या यादीत ‘कन्स्ट्रक्शन लॅबोरेटरी अँड फील्ड टेक्निशियन’ हे काम आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखाली बॅच चालू असेल, तर शिकवणी आणि परीक्षा उमेदवाराला मोफत. ज्याला काम येतंच, त्याच्यासाठी पूर्वानुभवाची दखल घेणारी ‘आरपीएल’ ही वेगळी सोय आहे: थोडक्यात उजळणी, मग परीक्षा. दोन-तीन वर्षं काँक्रीटमध्ये हात घातलेल्याने पूर्ण कोर्सला बसण्यापेक्षा आधी हेच विचारावं. फी माफ असली तरी खाडे माफ नसतात. रोज 600 रुपये धरला आणि महिन्याचे 26 दिवस, तर तीन महिन्यांच्या ‘फुकट’ कोर्सला 46,800 रुपयांची हजेरी बुडते. शहापूर-आसनगावपर्यंतचं रोजचं जाणं-येणं आणि डबा त्यावर.

नुकत्याच दहावी-बारावी झालेल्याने मात्र अप्रेंटिसशिप धरावी. इथे पैसे जात नाहीत, येतात. 2019 च्या नियमांनुसार दहावी पासला महिना किमान 6,000, बारावी पासला 7,000 आणि डिप्लोमावाल्याला 8,000 रुपये विद्यावेतन ठरलं होतं; आजचा आकडा विचारून घ्या. त्यातला 25 टक्के वाटा, जास्तीत जास्त 1,500 रुपये, केंद्र सरकार उचलतं. कंपनी कां-कू करत असेल तर हे तिला जरूर सांगा. रेडीमिक्स प्लांट, चाचणी प्रयोगशाळा, मोठे ठेकेदार यांच्याकडे विचारणा करायची आणि नोंदणी सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर झाली आहे ना, ते आपल्या डोळ्यांनी पाहायचं. नोंदणीशिवायची ‘अप्रेंटिसशिप’ म्हणजे कमी पगाराची हेल्परकी.

खर्चाची वाट अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची, म्हणजे एसीआयची. ‘काँक्रीट फील्ड टेस्टिंग टेक्निशियन, ग्रेड 1’ ही तिची परीक्षा संस्थेच्या भारतीय शाखेमार्फत होते. लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्हींत पास व्हावं लागतं. सर्टिफिकेट पाच वर्षं चालतं आणि मुदत संपली की दोन्ही परीक्षा नव्याने. म्हणजे हा खर्च एकदाचा नाही. दर पाच वर्षांनी फी, प्रवास, मुक्काम आणि खाडे. फी विचारताना ती जीएसटी धरून आहे की वेगळा, पुस्तक त्यात आलं का आणि नापास झाल्यास पुन्हा बसायला किती, हे लेखी मागा.

शिवाय इथे आपल्या माणसाची हमखास गफलत होते. आपल्याकडे काँक्रीटचा नमुना 150 मिलिमीटरच्या क्यूबमध्ये भरतात: साच्याला तेल, तीन थर, हाताने ठासताना प्रत्येक थराला 35 ठोके. एसीआयच्या परीक्षेत सिलिंडर असतो, आणि 150 बाय 300 च्या सिलिंडरला थरामागे ठोके 25. सवयीचा हात 35 वरच जातो. ओल्या काँक्रीटचा घट्टपणा मोजायचा स्लम्पचा शंकूही तिथे साधारण पाच सेकंदांत, सरळ वर उचलायचा. तिरका ओढला की गेलं. त्यामुळे नुसती परीक्षेची फी भरू नका, सिलिंडरवर सराव करून देणारा वर्ग निवडा. आखाताकडे किंवा परदेशी सल्लागार असलेल्या प्रकल्पावर जायचं असेल, तरच हा खर्च करावा असं माझं मत. गावच्या प्रधानमंत्री ग्रामसडकेच्या कामावर कुणी एसीआय विचारणार नाही. तिथे ठेकेदाराच्या फील्ड लॅबमध्ये खडीची चाळणी, मातीची घनता आणि रजिस्टर नीट लिहिणारा माणूस हवा असतो.

आणि अंगमेहनतही धरा. भरलेला एक क्यूब साच्याशिवायच आठ किलोच्या आसपास. सात आणि 28 दिवसांसाठी तीन-तीन असे सहा भरले, की जवळपास 50 किलो क्युरिंगच्या टाकीत नेऊन ठेवायचे. ‘एसी लॅबमध्ये बसून काम’ अशी जाहिरात दिसली, तर हे आठवावं.

कोणत्याही संस्थेला पैसे देण्याआधी तीन गोष्टी पाहा. काँक्रीट फोडायचं मशीन तिथे आहे का आणि त्यावर अलीकडच्या कॅलिब्रेशनची चिठ्ठी आहे का. सर्टिफिकेट क्यूआर कोडने पडताळता येतं का. ‘शंभर टक्के नोकरी’ हे शब्द पावतीवर लिहून देतात का. तिसऱ्याला बहुतेक जण गप्प बसतात.

हे सगळं पुढचं. आज साइटवर असाल, तर ती बंद व्हायच्या आधी ठेकेदाराच्या लेटरहेडवर अनुभवाचा दाखला घ्या. कामाच्या तारखा आणि केलेल्या चाचण्या, म्हणजे स्लम्प, क्यूब, चाळणी, सँड रिप्लेसमेंट, नावानिशी लिहून सही-शिक्का मागा. आरपीएलला तो उपयोगी पडतो, नोकरीच्या मुलाखतीतही. त्याला एक रुपया लागत नाही.