विचारायला घाबरू नका

‘डॉक्टर, याला झोप नाही, जेवण नाही. एखादे टॉनिक लिहून द्या.’ एक आई तिशीतल्या मुलाला घेऊन आली होती. पूर्वी मी टॉनिक लिहून मोकळा झालो असतो. या वेळी आईला बाहेर बसवले आणि मुलाला सरळ विचारले, ‘जगणे नकोसे वाटते का?’ तो बराच वेळ खाली पाहत राहिला, मग रडू लागला.

असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट माणूस मोकळा होतो. तो ‘हो’ म्हणाला तर उपदेश करू नका, त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या.

गावात आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. सिव्हिल हॉस्पिटलात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर असतात; लोक ‘वेड्यांचा डॉक्टर’ म्हणून ती पायरी टाळतात. २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा मोफत फोन रात्रंदिवस चालू आहे, मराठीतूनही. घरच्यांनीही तो जरूर करावा.

पोलीस केसच्या भीतीने पुष्कळ घरी झालेला प्रकार लपवतात आणि मोलाचे तास जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ सांगते की, अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच धरावे. उलट सिद्ध झाल्याशिवाय तिला शिक्षा नाही. तेव्हा १०८ ला बोलवा, डॉक्टरांना खरे सांगा.

तो मुलगा सध्या दर पंधरवड्याला सिव्हिलला जातो. आईने टॉनिक मात्र लिहून घेतलेच.