औषधांची चिठ्ठी कोर्टापर्यंत पोचू दे

बाई गं, घरातला माणूस आत गेला की गाव दोनच गोष्टी बोलतं. यानं केलं काय, आणि आता याच्या बहिणीची सोयरीक जमायची कशी. तिसरी गोष्ट फक्त घराला ठाऊक असते आणि घर ती गिळून बसतं. त्याला कित्येक महिने झोप नव्हती, एकटाच बडबडायचा, शेजारी आपल्यावर करणी करतात म्हणायचा, अकोल्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या आणि सोयाबीनच्या पेरणीच्या धांदलीत त्या बंद पडल्या. ही तिसरी गोष्ट गिळू नकोस, एवढंच सांगायला मी बसले आहे. ठाण्यात सांग, कोर्टात सांग, तुरुंगाच्या दारात सांग.

तू गप्प का बसतेस तेही मला कळतं. आपल्याकडे वाशिम जिल्ह्यात, रिसोड असो की मानोरा, ‘त्याच्या डोक्यात फरक आहे’ हे एकदा लोकांच्या तोंडी गेलं की पोरीबाळींच्या लग्नापर्यंत पाठ सोडत नाही. त्यापेक्षा ‘बाहेरचं झालं’ म्हटलेलं बरं वाटतं. मग कुणा बाबाकडे नेतात, तिथे त्याला बांधतात, मारतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली असं करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आणि अंगारा-धागा कोर्टात कामाला येत नाही. तिथे डॉक्टरचा कागद लागतो.

तो कागद बहुतेक वेळा घरातच असतो, हेच मला जिव्हारी लागतं. तालुक्याच्या एका कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेली एक म्हातारी माय मला आठवते. मांडीवर बियाण्याच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. तिच्यात मुलाच्या चिठ्ठ्या, सरकारी दवाखान्याचा केसपेपर, मनाच्या आजारावरच्या रिस्पेरिडोन गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी, एक जुनं डिस्चार्ज कार्ड. सकाळपासून ती पिशवी धरून बसली होती. वकिलानं विचारलं नाही म्हणून तिनं दाखवली नाही, आणि असं काही असेल हे वकिलाच्या गावीही नव्हतं. मुलाला एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाली, पोलिसांची गाडी गेली, पिशवी मायच्या मांडीवरच राहिली.

म्हणून नीट ऐक. अटक झाल्यापासून २४ तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. पीसीआर, म्हणजे पोलिस कोठडी, मिळो की एमसीआर, तिथे वकिलाच्या हातात त्या कागदांच्या झेरॉक्स दे. मूळ प्रत स्वतःकडे ठेव, कुणालाही देऊ नकोस. वकील नसेल तर पैशावाचून अडू नकोस. कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, मग तो कोणत्याही जातीचा, कितीही कमाईचा असो, फुकट वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं दिला आहे. वाशिमला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात त्याची समिती असते, आणि १५१०० या नंबरवर फोन करता येतो.

वकिलाला काय सांगायचं तेही पाठ करून जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६७. मानसिक आजारामुळे आरोपी स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत नाही असं मॅजिस्ट्रेटना वाटलं, तर त्यांनी चौकशी करून त्याला जिल्हा शल्य चिकित्सकांकडून तपासून घ्यायचं असतं आणि तिथून प्रकरण मानसोपचारतज्ज्ञाकडे जातं. त्यापुढचं कलम ३६९ मला फार मोलाचं वाटतं. त्याला दवाखान्यात भरती ठेवायची गरज नसेल आणि नात्यातलं किंवा ओळखीचं कुणी ‘मी याला नियमित उपचाराला नेईन, हा स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही हे बघेन’ अशी हमी घेत असेल, तर गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, कोर्ट त्याला सोडू शकतं. ही हमी घेणारं माणूस म्हणजे बहुतेक वेळा तूच. पण पेलवेल तरच घे. हमी घेतली की दर महिन्याची औषधं, दवाखान्याच्या तारखा, रात्रीची जागरणं सगळं तुझ्यावर येतं, म्हणून त्यात दिराला, भावाला आधीच सामील करून घे.

कागदाचं वजन किती असतं ते सांगते. महाराष्ट्रातल्याच एका पोलिस शिपायावर १९९४ साली बायकोच्या खुनाचा गुन्हा दाखल झाला. खालच्या कोर्टात जन्मठेप, उच्च न्यायालयातही तीच कायम. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं, कारण घटनेच्या आधीपासून त्याच्यावर स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते आणि घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला पंचवीस वेळा दवाखान्यात न्यावं लागलं होतं, याची नोंद होती. मी तुला खोटी आशा लावत नाही. आजार आहे म्हणून गुन्हा माफ, असं कायदा म्हणत नाही. त्या क्षणी आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे हे त्याला कळत होतं का, एवढंच तो विचारतो, आणि ते सिद्ध करायचं ओझं आपल्यावर असतं. तसा सुटला तरी थेट घरीच येईल असंही नाही, कोर्ट त्याला उपचाराच्या ठिकाणी ठेवू शकतं. आणि त्या घरातली बाई जीवानिशी गेली होती, हे कसं विसरायचं? बंद पडलेल्या गोळ्यांची किंमत कधी कधी अशी असते.

आता तुरुंगातलं. वाशिमच्या जिल्हा कारागृहात असो की अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात, आत जाताना तपासणी होते तेव्हा आजार नोंदवला जायला हवा. तू अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज लिही. आजाराचं नाव, गोळ्यांची नावं, कधीपासून चालू, शेवटची गोळी कधी घेतली. पोच घे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०३ नुसार आजारी बंद्याला उपचारासाठी हलवता येतं. आपल्याला जवळचं म्हणजे नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. राज्यात अशी चारच सरकारी रुग्णालयं, बाकीची पुणे, ठाणे आणि रत्नागिरीला. आदर्श कारागृह नियमावली म्हणते, दर ५०० बंद्यांमागे एक मानसतज्ज्ञ हवा, आणि प्रत्यक्ष देशभरातल्या तुरुंगांत ते हाताच्या बोटांवर मोजावेत इतके थोडे आहेत. त्यामुळे आतला कुणी स्वतःहून ओळखेल याच्यावर विसंबू नकोस.

मुलाखतीला गेलीस की घरचं रडगाणं पहिल्या पाच मिनिटांत लावू नकोस. आधी त्याच्याकडे बघ. अंघोळ केलेली दिसते का? नजर कुठे आहे? झोपतो का, जेवतो का, कानात कुणी बोलतं का, हे विचार. मरायचं मनात येतं का, हेही सरळ विचार. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही. तुरुंगातल्या अनैसर्गिक मृत्यूंत आत्महत्या सर्वात जास्त असतात. उत्तर हो आलं तर त्याच पावली ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला सांग आणि लेखी दे.

दारूचं वेगळं सांगते, कारण इकडे ते फार घडतं. रोज पिणारा माणूस भांडणात उचलला गेला आणि दारू एकदम तुटली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, दरदरून घाम येतो, नसलेलं दिसतं, फिट येते. लोक म्हणतात नाटक करतो. ते नाटक नसतं, त्यात जीव जाऊ शकतो. लाज न बाळगता पहिल्याच दिवशी पोलिसांना सांग, हा रोज पितो, याला दवाखान्यात दाखवा.

आणि फवारणीचं औषध पिलेल्या माणसाला ‘पोलिस केस होईल’ म्हणून घरात ठेवणाऱ्यांना तर हात जोडून सांगते, न्या त्याला. अशा माणसावर तीव्र ताण होता असंच कायदा धरून चालतो. त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य आहे, आणि नव्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचं ते जुनं कलम राहिलेलं नाही. रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी माणसालाही पोलिसांनी लॉकअपमध्ये टाकायचं नसतं, २४ तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं. गुन्हा नसलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं घटनाबाह्य आहे, हे मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी नेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९३ सालीच सांगितलं. एका बाईनं पाठपुरावा केला म्हणून ते झालं, ही गोष्ट मला फार बळ देते.

जामीन झाला पण रक्कम भरायला पैसे नाहीत, म्हणून कुणी आत पडून असेल, तर गरीब बंद्यांसाठी २०२३ पासून केंद्राची योजना आहे, कच्च्या कैद्याला जामिनाच्या रकमेसाठी मदत होऊ शकते. विधी सेवा प्राधिकरणात विचार. तो घरी आला की जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि गावची आशाताई, या दोघांना धरून ठेव. शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांसाठी २०१५ साली सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात आपला वाशिमही आहे, आशाताईंना मनाच्या आजाराची विचारपूस नवी नाही.

शेवटचं तुझ्याबद्दल. तारखा, मुलाखती, रोजी बुडवून एसटीच्या फेऱ्या, वर लोकांची बोलणी, आणि रात्री डोळा लागत नाही. हे अंगावर काढू नकोस. १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा, टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्रीही चालू असतो. त्याच्यासाठी फोन लावशीलच. एकदा स्वतःसाठीही लाव.