गजर वाजला, रक्तदाबाचे काय?

प्रश्न : वडिलांना रक्तदाबाची गोळी घ्यायची आठवण राहत नाही. मोबाइलमध्ये ॲप टाकून दिले तर पुरेल का? वय ७०, फोन जेमतेम वापरता येतो.

उत्तर : ॲप जरूर टाका, पण निव्वळ त्याने रक्तदाब उतरेल या भरवशावर राहू नका. अमेरिकेत ४११ रुग्णांवर झालेल्या, २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवण देणारे ॲप वापरणाऱ्यांनी गोळ्या किंचित अधिक नियमित घेतल्याचे सांगितले. बारा आठवड्यांनी वरचा आकडा मात्र ॲप वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या दोन्ही गटांत जवळपास सारखाच उतरला होता. माझ्या मते मेख इथे आहे : पुष्कळदा गोळी चुकलेली नसते, डोसच अपुरा असतो, आणि तो वाढवणे गजराच्या हाती नाही. ब्रिटनमधल्या ६२२ रुग्णांच्या चाचणीत घरी मोजलेले आकडे ऑनलाइन डॉक्टरांपर्यंत जात आणि ते चढे राहिले की औषध बदले. वर्षअखेर वरचा आकडा नेहमीच्या उपचारांपेक्षा ३.४ने अधिक उतरला. एवढ्याशाने काय होते, असे कुणी म्हणेल. पण हजारो रुग्णांत एवढी घटही पक्षाघात टाळते.

वडिलांना फोन जमत नाही, ही अडचण खरी, पण ॲप त्यांच्याच हाती हवे असे कुठे आहे? महाराष्ट्रातल्या सरकारी केंद्रांतही वापरले गेलेले ‘सिम्पल’ ॲप आरोग्य कर्मचाऱ्याच्या फोनवर असते. तपासणी चुकवणारा रुग्ण त्यात लगेच दिसतो. घरी वडिलांच्या रक्तदाबाची नोंद तुम्ही ठेवा. मोजायला दंडाला पट्टा बांधायचे यंत्रच घ्या; कॅमेऱ्यावर बोट ठेवून आकडा सांगणारी ॲप नकोत.