चार पानांची गोष्ट, आधी खोडरबरासाठी

प्रश्न : चित्रकथा काढायला शिकायचे आहे. संकलनात जागा मिळवण्यासाठी सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, बेल्लमपल्ली

उत्तर : शिकवणीचा शोध नंतर. आधी रद्दीवाल्याकडे ‘टिंकल’चे जुने अंक मिळतात का ते पाहावे. अनंत पै यांनी 1980 मध्ये सुरू केलेले हे नियतकालिक म्हणजे एका अर्थी संकलनच : एकाच अंकात निरनिराळ्या हातांच्या छोट्या गोष्टी. राम वाईरकरांचा सुप्पंडी आणि वसंत हळबे यांचा शिकारी शंभू शेजारी ठेवून पाहावेत. शंभूचे डोळे टोपीखाली कायम झाकलेले, तरी त्याची भीती खांद्यांतून आणि गुडघ्यांतून कळते. चेहऱ्यावर विसंबू नये, हा धडा तिथे फुकट मिळतो.

मोठ्यांसाठीचे काम पाहायचे तर विश्वज्योती घोष यांनी संपादित केलेले फाळणीवरचे ‘धिस साइड, दॅट साइड’ (2013) चाळावे.

मग स्वतःची चार पानेच घ्यावीत, दोनशे पानी महाकाव्य नको. कोळसा खाणीची पाळी सुटते, सायकलींची गर्दी होते, एकाचा डबा हरवतो. एवढा ऐवज पुरे. काडेपेटीएवढ्या चौकटींत कच्चा आराखडा करावा. जो आधी बोलतो त्याला डावीकडे उभे करावे, नाहीतर संवादाच्या फुग्यांच्या शेपट्या एकमेकींत अडकतात. अक्षरांची जागा चित्राआधी राखावी. नवखे नेमके इथेच फसतात. उत्कंठेची चौकट उजव्या पानाच्या तळाशी ठेवावी, म्हणजे पान उलटावेच लागते.