जुन्या पेट्रोल गाडीचे सुटे भाग

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हा मजकूर जुना पेट्रोल ट्रक वा जीप बाळगणाऱ्यांसाठी.

ऊस भरलेली गाडी वाटेत अडली की ऊस वाळतो, वजन घटते. नवी कॅप, नवा रोटर घालूनही गाडी धक्के खाते. मग मिस्त्री कार्बोरेटर खोलून बसतो! आम्ही म्हणतो, आधी डिस्ट्रिब्यूटर बघा. कॅप खाचेत पक्की बसली नाही, रोटर शाफ्टवर हलला, की ठिणगी भलतीकडे उडते. विलिस बनावटीच्या जीपला पॉइंटची फट ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. ती फीलर गेजने मोजावी, अंदाजाने नव्हे. फट बदलली की टायमिंगही हलते, तेही तपासून घ्यावे. शाफ्टचा बुशच झिजला असेल तर नवा पॉइंट तरी काय करणार? दुकानात जाताना जुना भाग सोबत न्या, नव्याशेजारी धरून पाहा.