लिमिटेड एडिशन सिंगल माल्ट: पाणी घालावं का?

प्रश्न : मुलाने स्कॉटलंडहून लागावूलिनची १२ वर्षांची 'स्पेशल रिलीज' बाटली आणली आहे. एवढ्या महागाच्या व्हिस्कीत पाणी घातलं तर चव बिघडेल का?

उत्तर : बिघडणार नाही, उलट खुलेल. मात्र बर्फ आणि सोडा टाळा. थंडाव्याने गंध दबतो.

आयला बेटावरच्या या डिस्टिलरीची नेहमीची १६ वर्षांची व्हिस्की ४३ टक्क्यांची असते. तुमची बाटली 'कास्क स्ट्रेंथ', म्हणजे पिंपातल्या मूळ तीव्रतेची. लेबलवर साधारण ५६ टक्के दिसेल.

निमुळत्या तोंडाच्या ग्लासात ३० मिली ओता. नाक ग्लासात खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून दुरूनच वास घ्या. आधी पीटचा, म्हणजे माल्ट सुकवताना जाळलेल्या दलदलीतल्या मातीचा, धूर येईल, मग समुद्राचा खारेपणा, लिंबाची साल. छोटा घोट जिभेवर घोळवा, सावकाश गिळा.

आता चमच्याने थोडं थोडं साधं पाणी घाला आणि दर वेळी पुन्हा वास घ्या. १० मिली पाण्याने तीव्रता ४२ टक्क्यांवर येते. धुराचा गंध देणारं ग्वायाकॉल पाण्यामुळे पृष्ठभागाकडे सरकतं, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपातून दाखवलं. व्हिस्की किंचित गढूळ झाली तर घाबरू नका. चिल-फिल्टर न केलेल्या, म्हणजे थंड करून न गाळलेल्या माल्टमध्ये ते स्वाभाविक आहे.

बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवल्यास बूच खराब होतं. आणि कपाटात जपून ठेवण्यापेक्षा मुलासोबत बसून ती उघडा. व्हिस्की पिण्यासाठीच केलेली असते.